काम सुरू झाल्यावर येणारे बदल : कोण ठरवतं आणि कुठे लिहून ठेवता?

रेघोटी

प्रोजेक्टवरचे धागे बहुतेक वेळा क्लायंट किती त्रास देतो इथून सुरू होतात आणि तिथेच संपतात. मला जरा वेगळ्या बाजूने बोलायचंय. बरीच वर्षं सॉफ्टवेअर प्रकल्पांचं नियोजन करते आहे आणि एका गोष्टीबद्दल माझं मत पक्कं झालंय. बदल तर येणारच. प्रकल्प अडचणीत येतो तो कुणीही रीतसर न ठरवता आत शिरलेल्या बदलांमुळे.

उदाहरण देते. रिपोर्टची एक स्क्रीन तयार आहे. क्लायंटकडचं कुणीतरी डेमो बघताना म्हणतं, "इथे एक्सेलला एक्सपोर्ट करायचं बटण देऊन टाका ना." डेव्हलपर म्हणतो, "देतो." दोघांचाही हेतू चांगला असतो, आणि बटण खरोखरच तासाभरात लागतं.

प्रश्न त्यानंतर सुरू होतात. स्क्रीनवर एका वेळी पन्नास ओळी दिसतात. फाइलमध्ये तेवढ्याच द्यायच्या की सगळ्या? सगळ्या द्यायच्या तर एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. त्याहून जास्त डेटा असेल तर फाइल तोडायची, की तारखेची मर्यादा घालायची? मोठी फाइल तयार होईपर्यंत माणूस स्क्रीनसमोर बसून राहणार, की ती मागे तयार होऊन मेलने जाणार? ज्याला स्क्रीनवर ग्राहकाचा फोन नंबर अर्धा झाकलेला दिसतो, त्याला फाइलमध्ये तो पूर्ण दिसला तर चालेल का? एक्सेल आकड्यातले पंधराच अंक नीट धरून ठेवतं आणि त्यापुढचे शून्य करून टाकतं. मग सोळा अंकी क्रमांक असलेल्या रकान्याचं काय करायचं? कुणी कधी काय डाउनलोड केलं याची नोंद ठेवायची का?

यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर लागतं, त्या उत्तराचा कोड लागतो, त्या कोडचं टेस्टिंग लागतं. बटण तासाभराचं आणि काम आठवड्याचं. हा आठवडा कुठूनतरी काढावा लागतो. तो जवळजवळ नेहमी टेस्टिंगच्या शेवटच्या दिवसांतून निघतो, कारण प्लॅनमध्ये तेवढीच जागा मऊ असते.

मागणाऱ्याची गरज खरी होती, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही. डेव्हलपरने मदतच केली. पण तो आठवडा खर्च करायचा अधिकार दोघांपैकी कुणाकडेच नव्हता. ज्याच्याकडे होता, त्याला गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टिम प्रत्यक्ष वापरात येण्याच्या, तोंडावर तारीख हलली तेव्हा कळलं. त्याला वेळेत विचारलं असतं तर तो कदाचित आनंदाने हो म्हणाला असता.

मी काय करते ते सांगते. कामाची व्याप्ती लिहिताना काय करणार याच्या खाली 'या कामात काय नाही' हा भाग मी सक्तीने लिहून घेते. जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणणं, मोबाइल ॲप, दुसऱ्या भाषेतली स्क्रीन, गो-लाइव्हनंतरचं ट्रेनिंग, अशी एकेक ओळ. हा भाग वाचताना मीटिंगमध्ये जी वादावादी होते, ती पहिल्याच आठवड्यात झालेली कधीही बरी. अर्ध्याहून अधिक गैरसमज तिथेच बाहेर पडतात. 'हे धरलेलंच आहे' असं दोन्ही बाजूंनी वेगवेगळं धरलेलं असतं.

काम सुरू झाल्यावर आलेल्या प्रत्येक बदलाची अर्ध्या पानाची नोंद होते. काय हवंय, कुणाला हवंय, का हवंय, केलं तर कशाकशाला धक्का लागेल, किती दिवस, आणि त्याच्या बदल्यात काय मागे जाईल. शेवटी निर्णय घेणाऱ्या एका माणसाचं नाव. 'टीम' किंवा 'मॅनेजमेंट' असं तिथे चालत नाही.

'बदल्यात काय' हा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नुसतं "हे केलं तर चार दिवस लागतील" म्हटलं की समोरून "करा ना मग, ॲडजस्ट करा" येतं. "हे केलं तर मंजुरीची स्क्रीन पुढच्या रिलीजला जाईल, चालेल का?" असं विचारलं की माणूस थांबून विचार करतो. कधी हो म्हणतो, कधी मागणी स्वतःच मागे घेतो. दोन्ही उत्तरं मला चालतात.

तुमच्याकडे हे कसं चालतं? सॉफ्टवेअरच्या बाहेरच्या लोकांचं ऐकायला जास्त आवडेल.


जोता

बाहेरचा आहे म्हणून लिहितो. बांधकामात आहे.

आमच्याकडे ही शिस्त कागदावर फार जुनी आहे. ड्रॉइंगला रिव्हिजन नंबर असतो, साइटवर जुनं ड्रॉइंग सापडलं तर ते फाडून टाकायचा नियम असतो, बदलाला लेखी सूचना लागते. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या १९९९ च्या कराराच्या नमुन्यात तेरावं कलम खास बदलांसाठी आहे. जादा वेळ किंवा पैसे मागायचे असतील तर कारण कळल्यापासून २८ दिवसांत कंत्राटदाराने नोटीस द्यायची, नाही दिली तर हक्क गेला, असंही त्यात आहे. कडक वाटतं, पण हेतू बरोबर आहे. काम मालकाचं आहे. बदलाची किंमत मालकाला वेळेत कळली तरच तो काही करू शकतो, वर्षभराने बिलात कळून उपयोग नसतो.

तरीही घोळ होतातच, कारण साइटवर बोलण्यावर काम चालतं. आर्किटेक्ट चालता चालता सांगतो, "ही पार्टिशन फूटभर आत घ्या." फूटभर भिंत सरकली की तिच्यातले इलेक्ट्रिकचे पाइप सरकतात, स्विचबोर्ड दाराच्या पाठीमागे जातो, फॉल्स सीलिंगची आखणी बिघडते, एसीचं तोंड भिंतीवर येतं आणि स्प्रिंक्लरचं अंतर परत तपासावं लागतं. प्रत्येक एजन्सी वेगळी आणि प्रत्येकीचं बिल वेगळं.

तुमच्या मांडणीत मात्र मला एक भर घालायचीय. ज्याला आपण बदल म्हणतो, त्यातला मोठा भाग खरं तर बदल नसतोच. तो आधी न घेतलेला निर्णय असतो.

सिडनीचं ऑपेरा हाउस सगळ्यांना माहीत असतं ते खर्चासाठी. १९५७ मध्ये अंदाज होता ३५ लाख पौंडांचा, म्हणजे नंतरच्या चलनात ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. १९७३ मध्ये पूर्ण झालं तेव्हा १०.२ कोटी डॉलर झाले होते. लोक हे आकडे सांगून थांबतात. मला त्यातली आतली गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९५९ मध्ये चौथऱ्याचं काम सुरू केलं, तेव्हा वरची छपरं नेमकी कशी उभी राहणार हे ठरलेलं नव्हतं. छपराचं गणित सुटलं तेव्हा खाली उभे केलेले खांब त्या भाराला पुरणार नाहीत असं दिसलं आणि ते नव्याने करावे लागले. पुढे मोठा हॉल ऑपेरा आणि संगीत दोन्हींसाठी न ठेवता फक्त संगीतासाठी ठेवायचं ठरलं, आणि तोवर बसवलेली रंगमंचाची यंत्रसामग्री काढून टाकली.

खांबांच्या बाबतीत कुणी काही नवीन मागितलेलं नव्हतं. घाईने सुरुवात केली आणि निर्णय मागे राहिला. हॉलच्या बाबतीत मात्र गरजच बदलली. पहिल्याला चेंज रिक्वेस्टचा फॉर्म काही करू शकत नाही. त्याला एकच उपाय, सुरुवातीलाच 'अजून न ठरलेल्या गोष्टी' अशी यादी करायची आणि प्रत्येकीपुढे ती कधीपर्यंत ठरलीच पाहिजे ती तारीख घालायची. तुमच्या 'यात नाही'च्या शेजारी ही दुसरी यादी लावा.


रेघोटी

जोता, ही यादी मी उद्यापासून वापरणार. आमच्याकडे असे प्रश्न डेव्हलपरच्या मेलमध्ये पडून राहतात आणि शेवटी तोच अंदाजाने काहीतरी ठरवून टाकतो.


आडवाट

मला हे सगळं वाचून थोडं अस्वस्थ व्हायला झालं. अर्धं पान, मंजुरी, एक नाव. याच जडपणाला कंटाळून २००१ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या १७ जणांनी एकत्र येऊन ॲजाइल, म्हणजे थोडं थोडं काम दाखवत पुढे जायच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. आखलेल्या योजनेला धरून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं मोलाचं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आम्ही वेळ आणि माणसं पक्की ठेवतो आणि व्याप्ती हलती. दर दोन आठवड्यांनी वापरणाऱ्यांसमोर काम ठेवतो, त्यांना जे सुचेल ते बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या क्रमवार यादीत, जातं, क्रम बदलतो. बदल हा आमच्याकडे अपघात नसतोच.

तुमचं एक्सपोर्टचं बटण आमच्याकडे बॅकलॉगमधली एक स्टोरी, म्हणजे यादीतलं एक छोटं काम, झालं असतं, आणि तुम्ही विचारलेले सगळे प्रश्न ती हातात घेताना विचारले गेले असते.


रेघोटी

आडवाट, तुम्ही वर्णन केलंय तसं चालत असेल तर माझा काहीच विरोध नाही, कारण त्यात निर्णय घेणारा माणूस आहेच. प्रॉडक्ट ओनर. बॅकलॉगचा क्रम तो एकटा ठरवतो. एक गोष्ट वर घेतली की दुसरी आपोआप खाली जाते, म्हणजे 'बदल्यात काय' याचंही उत्तर मिळतं. स्क्रम या ॲजाइल पद्धतीच्या मार्गदर्शिकेतही स्प्रिंटचं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या एका फेरीचं, उद्दिष्ट धोक्यात येईल असे बदल मध्येच करायचे नाहीत, असं आहे.

मला चिंता आहे ती ॲजाइलच्या नावाखाली जे चालतं त्याची. स्प्रिंटच्या मधोमध तीन वेगवेगळे लोक डेव्हलपरला थेट मेसेज करतात, बॅकलॉग फुगत जातो, खाली काहीच जात नाही आणि तारीख मात्र करारात पक्की असते. वेळ, माणसं आणि व्याप्ती तिन्ही पक्की ठेवून हे जमत नाही. मग कुणीतरी म्हणतं, माणसं वाढवू. पाच जणांच्या टीममध्ये आपसात बोलायच्या जोड्या दहा, आठ जणांत अठ्ठावीस. नव्या तिघांना शिकवायला जुन्या पाचांचाच वेळ जातो. उशिरा चाललेल्या कामात ही भर घातली की काम आणखी लांबतं.

डीएसडीएम या ॲजाइल पद्धतीतला एक नियम मला आवडतो. 'झालंच पाहिजे' या वर्गातलं काम एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही. उरलेल्यात 'व्हायला हवं' आणि 'झालं तर बरं'. तारीख पक्की असेल तर हलायला जागा सुरुवातीपासूनच ठेवावी लागते. सगळंच 'झालंच पाहिजे' असेल तर पहिल्याच बदलाला श्वास घ्यायला जागा उरत नाही.


नवशिकी

नमस्कार. मी यात सगळ्यांत ज्युनिअर असेन. तुम्ही सगळे ठरवणाऱ्यांच्या बाजूने बोलताय. माझ्याकडे बदल घेऊन येतात ते माझे मॅनेजर. तेही तोंडी, चहाला जाताना. "हे पण करून टाक, क्लायंटला मी शब्द दिलाय." मी त्यांच्यासमोर अर्ध्या पानाचा फॉर्म ठेवू शकत नाही. नाही म्हटलं तर 'ॲटिट्यूड' म्हणून रिव्ह्यूमध्ये येतं. मी काय करावं?


मोजपट्टी

नवशिकी, तुम्ही नाही म्हणायची गरजच नाही. नाही म्हणणं तुमच्या कामाचा भाग नाही, आणि तो भार स्वतःवर घेऊही नका. तुमचं काम एवढंच की त्यांना निर्णय घेता येईल इतकी माहिती त्याच दिवशी त्यांच्यापर्यंत पोचवायची. मेलने, आणि शक्य तितक्या साध्या भाषेत. मी टीममधल्या नव्या मुलामुलींना असा मेल लिहायला सांगते :

"सर, आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे ग्राहकाच्या पत्त्यात दुसरी ओळ घालायचं काम हाती घेते आहे. यात नोंदणीची स्क्रीन, बिलाचा छापील नमुना आणि जुन्या नोंदी हे तिन्ही बदलावे लागतील. माझ्या अंदाजाने तीन दिवस. सध्या माझ्याकडे परताव्याचं मॉड्यूल आहे, ते शुक्रवारी द्यायचंय. आधी पत्त्याचं केलं तर परतावा बुधवारवर जाईल. आपण वेगळा क्रम सांगितला नाहीत तर उद्या सकाळी पत्त्याचं सुरू करते."

यात तक्रार नाही, विरोध नाही. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण उत्तर आलं नाही तरी काम अडत नाही आणि क्रम कुणी ठरवला हे स्पष्ट राहतं. दहापैकी निम्म्या वेळा मॅनेजर स्वतःच म्हणतात, "नको, आधी परतावा संपव." त्यांना परताव्याची तारीख त्या क्षणी आठवलेलीच नसते.

अंदाज देताना मात्र जागच्या जागी आकडा सांगू नका. "दुपारपर्यंत बघून सांगते" एवढं म्हणायला कुणीही रागावत नाही. उभ्या उभ्या सांगितलेला आकडा पुढे वचन होऊन बसतो.


नवशिकी

खूप आभार मोजपट्टी. हे जमण्यासारखं आहे. हे असं लिहिता येतं हे मला सुचलंच नव्हतं.


निळीशाई

डिझाइनमध्ये स्वतंत्रपणे काम करते. आमच्याकडे करारात 'दुरुस्तीच्या दोन फेऱ्या' असं लिहितात आणि सगळे निर्धास्त होतात. पण फेरी म्हणजे काय ते लिहायला विसरतात. एकाच मेलमध्ये एकत्र आलेल्या सूचना म्हणजे एक फेरी, असं मी लिहिते. नाहीतर सोमवारी रंग, मंगळवारी फॉन्ट, बुधवारी साहेबांच्या सूचना, आणि मोजायचं कुणी?

दुसरं म्हणजे दुरुस्ती आणि नवी दिशा यांत फरक करते. मंजूर झालेल्या कल्पनेत अक्षर मोठं करणं ही दुरुस्ती. "आता जरा वेगळं काहीतरी बघू या" म्हणजे नवीन काम. हे करार करतानाच मोकळेपणाने बोलून घेतलं तर नंतर संबंध बिघडत नाहीत. नंतर काढलं तर तेच वाक्य पैशाचा तगादा वाटतं.


पलीकडचा

मी क्लायंटच्या खुर्चीत बसतो, म्हणून धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आम्ही बदल का मागतो? कारण कागदावरच्या वर्णनावरून आम्हाला खरंच कळत नाही. स्क्रीन समोर आली, आमच्या माणसाने तिच्यावर चार नोंदी केल्या, की लक्षात येतं की प्रत्यक्ष कामाचा क्रम उलटा आहे. हे आम्हाला आधी सांगता आलं असतं असं समजणं आमच्यावर अन्याय आहे.

आणि तुम्ही बदलाची प्रक्रिया जितकी अवघड कराल, तितके आम्ही सुरुवातीलाच सगळं मागून ठेवतो. पुढे काही मिळणार नाही या भीतीने. त्या यादीतलं किती तरी कधी वापरलंही जात नाही. म्हणजे दार फार घट्ट लावल्यानेही व्याप्ती फुगते, फक्त ती पहिल्या दिवशी फुगते म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

आणखी एक, जे इथे कुणी लिहिलं नाही. न मागितलेल्या गोष्टी तुमची माणसंही घालतात. आम्हाला साधी यादी हवी होती, आली रंगीत आलेखांसकट. छान होती. पण उशिरा आली, आणि आता त्या आलेखांमधल्या चुकाही आम्हीच कळवत बसलोय.


रेघोटी

पलीकडचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. घट्ट दाराचा मुद्दा पूर्ण मान्य. म्हणूनच सगळे बदल एकाच खिडकीतून पाठवू नयेत असं माझं मत आहे. करार करतानाच एकूण कामाचे काही दिवस 'बदलांसाठी राखीव' म्हणून दोघांच्या संमतीने बाजूला काढून ठेवायचे. ते बफर नव्हेत, आमच्या चुका झाकायला आम्ही ते वापरायचे नाहीत. ते दिवस तुमचे. एका दिवसाच्या आतला बदल तुमचा आणि आमचा लीड जागेवर बसून ठरवतील, दोन ओळींची नोंद करतील, दिवस वजा करतील. त्याहून मोठा असेल तरच अर्धं पान आणि वरची मंजुरी.

असं केल्यावर क्लायंटची बाजू स्वतःहून निवड करायला लागते, कारण शिल्लक त्यांना दिसत असते.

आणि आतून होणाऱ्या वाढीबद्दल, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. तिथेही नियम तोच लावते. आलेख घालायची कल्पना चांगली असेल तर डेव्हलपरने ती नोंदवावी, घालू नये.


मोजपट्टी

टेस्टिंगच्या बाजूने यात एक भर. राखीव दिवसांना शेवटची तारीखही हवी. गो-लाइव्हच्या आधीच्या शेवटच्या टप्प्यात बदलाचा आकार बघायचाच नाही. तेव्हा एका ओळीच्या बदलानेही आधी तपासलेलं सगळं परत तपासावं लागतं, आणि तपासायला दिवस उरलेले नसतात. त्या तारखेनंतर फक्त काम अडवणाऱ्या चुका. बाकीचं पुढच्या रिलीजच्या यादीत, तारीख घालून. 'नंतर बघू' असं मोघम सांगितलं की लोक भांडतात. पुढच्या रिलीजची तारीख दिली की बहुतेक जण थांबायला तयार होतात.


पलीकडचा

राखीव दिवसांची कल्पना पटली. एक शंका. एका दिवसाच्या आतले म्हणून दोन्ही लीड भराभर हो म्हणत गेले तर? प्रत्येक बदल लहानच असतो.


रेघोटी

म्हणून मर्यादा दोन ठेवायच्या. एक प्रत्येक बदलाची, दुसरी एकूण बेरजेची. राखीव दिवसांतले अर्धे संपले की लीडचा अधिकार आपोआप थांबतो आणि दोन्हीकडचे वरचे लोक एकदा एकत्र बसतात. तोवर झालेल्या बदलांची यादी समोर ठेवायची आणि बघायचं की ते एकाच जागेवरून येताहेत का. सगळे बिलिंगच्याच स्क्रीनवर असतील तर ते सुटे सुटे लहान बदल नाहीत, बिलिंगची गरजच आपल्याला नीट समजलेली नाही. अशा वेळी पुढचा लहान बदल करण्याऐवजी बिलिंग करणाऱ्या माणसाशेजारी एक दिवस बसून त्याचं काम बघावं. आमच्याकडे हा दिवस राखीवमधून कापत नाही.


जोता

बेरजेची मर्यादा आमच्याकडेही लागते, आयटमवार, म्हणजे करारातल्या कामाच्या प्रत्येक बाबीला वेगळी. एखाद्या आयटमची मोजमापं ठरलेल्या टक्क्यांपलीकडे गेली की जुना दर चालत नाही, नव्याने बोलावं लागतं. तुम्ही यादीत स्क्रीनचा रकाना सुरुवातीपासून ठेवा. म्हणजे अर्धे दिवस संपायची वाटही बघावी लागणार नाही, एकाच स्क्रीनवर तिसरी नोंद पडली की तिथेच कळेल.